पावसासाठी राखलेला सीन

ऑकलंडच्या न्यू लिन भागातल्या आमच्या भाड्याच्या घरात स्वयंपाकघरातल्या एकाही ड्रॉवरची मूठ मोकळी नसायची. प्रत्येक मुठीला काळा रेशमी दोरा, आणि त्या दोऱ्यावर एकाखाली एक बारीक गाठी. बाबा ड्यूटीवरून आले की चहा होईपर्यंत ओट्याशी उभे राहून गाठी मारत राहत. एका हाताने, दोन्ही हातांनी, कधी डोळे मिटून. दोरा ओढला की सर्र असा आवाज यायचा, मग पुन्हा सर्र, आणि मधूनच बाहेर रेल्वे फाटकाची घंटा. आई मागून म्हणायची, "अहो, तुमचा पेशंट जरा सरकवा. मला सांडशी हवीय." बाबा सरकायचे आणि पुढच्या मुठीवर सुरू व्हायचे. आई सिल्व्हरबीटची पातळ भाजी करायची, कारण पालकाच्या जवळ जाणारं तिथे तेवढंच मिळायचं. शेजारच्या बाईंच्या झाडाखाली फिजोआंचा सडा पडे, ती फळं त्या पिशवी भरून देत आणि आई त्यांचं लोणचं घाली. उपासाला कुमराचा कीस असे. कुमरा म्हणजे तिथलं रताळं. आईच्या मते त्याला चव नव्हती, पण देवाला चालत असावं. फोडणीचा वास भिंतींना लागू नये म्हणून सगळ्या खिडक्या उघड्या ठेवत असू, त्यामुळे आम्ही तिघं स्वेटर घालून जेवायचो. जेवताना फारसं बोलत नसू. ते मला कधी खटकलं नाही, मीही बोलणारी नव्हते.

बाबा मिरजेचे सर्जन. वीस वर्षं त्यांनी तिथे पोटं उघडली आणि शिवली. न्यूझीलंडला जायचं ठरलं ते गुणांवर. वय, पदवी, अनुभव, इंग्रजी या सगळ्याला गुण होते. बाबांच्या एम. एस.ला भरपूर मिळाले, आणि त्या गुणांवर व्हिसा आला. तिथे पोचल्यावर कळलं की पदवीला गुण देणारे निराळे आणि त्या पदवीवर काम करू देणारे निराळे. आई फार्मासिस्ट होती. तिने वर्षभर एका दुकानात शिकाऊ म्हणून काम केलं, परीक्षा दिली आणि न्यू लिनच्याच एका फार्मसीत पांढरा कोट घालून उभी राहिली. बाबांना एका हॉस्पिटलात ऑर्डर्लीचं काम मिळालं. पेशंटची ट्रॉली वॉर्डातून ऑपरेशन थिएटरपर्यंत न्यायची आणि ऑपरेशन झालं की परत आणायची. थिएटरच्या दाराशी जमिनीवर एक लाल रेघ होती. रेघेच्या अलीकडे बाबा थांबायचे, पलीकडून नर्स ट्रॉली ओढून घ्यायची. बरोबरच्यांना त्यांनी आपण कोण ते सांगितलं नव्हतं. "सांगून काय होणार? बिचारे ट्रॉली धरू द्यायचे नाहीत," असं ते म्हणायचे.

आणि बाहेर, म्हणजे आपल्या लोकांत, आम्हीही सांगत नव्हतो. गणपतीला किंवा दिवाळीला हॉल घेऊन सगळे जमायचे, त्यात मुंबई-पुण्याचे डॉक्टर, नर्सेस बरेच असायचे. कुणीतरी विचारायचंच, की डॉक्टर कुठे असतात सध्या? आईने मला पहिल्याच वर्षी सांगून ठेवलं होतं, "हॉस्पिटलात आहेत, एवढंच म्हणायचं. पुढचं कुणी विचारत नाही." खरंच कुणी विचारत नसे. ते खोटं नव्हतं. आमच्या घरी खोटं बोलत नसत, फक्त पुढचं सांगत नसत. आज मागे बघताना मला वाटतं, मी पुढे ज्या धंद्यात पंचवीस-तीस वर्षं काढली त्याचं शिक्षण मला तिथेच, त्या थंड हॉलमध्ये कागदी बशीतला शिरा खाताना मिळालं.

रजिस्ट्रेशनची लेखी परीक्षा बाबा एका दमात पास झाले होते. अडलं होतं ते प्रात्यक्षिकाला, दोनदा. प्रात्यक्षिकात खरे पेशंट नसतात, पेशंटची कामं करणारे नट असतात. खोलीत जायचं, आपलं नाव सांगायचं, हात लावू का म्हणून विचारायचं, मग दुखतंय का विचारायचं, आणि कोपऱ्यात बसलेला परीक्षक हे सगळं लिहून घेणार. मिरजेला बाबांनी कुणाला नाव सांगितलं नव्हतं, लोक नाव ऐकूनच येत. पहिल्या खेपेला ते त्या नटाच्या पोटावर हात ठेवून सरळ म्हणाले, "तुम्हाला काही झालेलं नाही, उठा." खरंच काही झालेलं नव्हतं. घरी येऊन त्यांनी आईला सांगितलं, "या देशात आजारी पण नट. आता डॉक्टर पण नटच ठेवा म्हणावं, म्हणजे सगळं जुळेल." आई हसली नाही. तिसरी खेप शेवटची होती, त्यानंतर बसता येत नसे. ती वेलिंग्टनला होती, एका गुरुवारी सकाळी दहा वाजता.

मी तेव्हा एकोणीस-वीस वर्षांची. युनिव्हर्सिटीत कॉमर्सचं एक वर्ष केलं आणि दुसऱ्या वर्षी नावच घातलं नाही. कुणी भांडलं नाही. दहावीच्या सुट्टीत आईने मला मिरजेला टायपिंगच्या क्लासला घातलं होतं, त्या जोरावर मला एक काम मिळालं. शहराच्या पश्चिमेला, पूर्वी फळं साठवायचे अशा एका जुन्या कूलस्टोअरमध्ये अमेरिकन कंपनी एक टेलिफिल्म करत होती. गोष्ट शिकागोतल्या एका हार्ट सर्जनची. शिकागोत शूटिंग महाग, म्हणून शिकागो ऑकलंडला आणलं होतं. मी रोज बदललेल्या संवादांची पानं टाईप करायची. पहिला बदल निळ्या कागदावर, दुसरा गुलाबी, तिसरा पिवळा. ऑफिस रेवा नावाची एक माओरी बाई सांभाळायची. मोठ्या हाडापेराची, मोठ्या हसण्याची. तिचं नाव ऐकून आई म्हणाली होती, "आपल्यातलीच दिसतेय." रेवाने माझं कॉन्व्हेंटचं अक्षर पाहिलं आणि मला बोर्डाच्या कामाला लावलं.

त्या काळी हे काम काँप्युटरवर सगळीकडे आलं नव्हतं. पटकथेतल्या प्रत्येक सीनची एक पुठ्ठ्याची स्ट्रिप असायची. तिच्यावर सीनचा नंबर, जागा, दिवस की रात्र, नट कोण हे बारीक अक्षरात लिहायचं आणि स्ट्रिपा लांब बोर्डावर ओळीने बसवायच्या. बोर्डावर जो क्रम, तोच शूटिंगचा क्रम. बाहेरचं शूटिंग असलेल्या दिवशी पाऊस आला तर चाळीस-पन्नास माणसं नुसती बसून राहू नयेत म्हणून एखादा आतला सीन तयार ठेवतात. त्याला वेदर कव्हर म्हणतात. असल्या स्ट्रिपांना तारीख नसायची, त्या बोर्डाच्या पार उजव्या टोकाला लावून ठेवलेल्या असत. मला ते काम आवडलं. बोर्डाशी बोलावं लागत नाही.

निर्मात्याचं नाव डग. सगळेच त्याला डग म्हणायचे, म्हणून मीही इथे अरेतुरेत लिहिते. आईने वाचलं तर तिला आवडणार नाही, तो बाबांपेक्षा मोठा होता. त्याचे वडील फ्रिज दुरुस्त करायचे. तो एकोणिसाव्या वर्षी एका स्टुडिओत टपाल वाटायला लागला आणि टपाल वाटता वाटता त्याने बंद पाकिटांवरून कोण चढतंय, कोण उतरतंय ते ओळखायला शिकून घेतलं. चाळिशीच्या आत त्याचा एक सिनेमा जगभर चालला. मग तीन पडले. म्हणून तो आमच्याकडे येऊन स्वस्तात टेलिफिल्म करत होता. पुढे तो पुन्हा वर गेला, पहिल्यापेक्षाही वर. पण मी पाहिला तेव्हा तो एक थकलेला, सभ्य माणूस होता. कधी खुर्चीत बसायचा नाही, आवाज चढवायचा नाही, दुपारी कोरडा टोस्ट खायचा. एकदा मी डबा उघडला तर उभा राहून बघत राहिला. मी लोणच्याची बाटली पुढे केली. त्याने टोस्टला ते लावून खाल्लं, डोळ्यांत पाणी आलं, तरी म्हणाला, "थँक यू, केट." केतकीचं केट रेवाने पहिल्या दिवशीच केलं होतं.

एका सकाळी ऑफिसातल्या टीव्हीवर डग आदल्या दिवशीचं शूटिंग बघत होता. हिरो ऑपरेशन करत होता.

"रेवा," डग हळूच म्हणाला, "हा माणूस छाती उघडतोय की टोस्टला लोणी लावतोय?"

"चार हॉस्पिटलांना फोन केले," रेवा म्हणाली. "सर्जन लोकांना वेळ नाही. एकाने विचारलं, हिरोईन कोण आहे."

मी फोटोकॉपीच्या मशीनपाशी होते. त्या आठवड्यात मी 'येस' आणि 'थँक यू' सोडून काही बोलले असेन असं वाटत नाही. मी म्हटलं, "माझे वडील सर्जन आहेत."

"अरे देवा, ही बोलते!" रेवा ओरडली.

डगने मान वळवली. "इथे? ऑकलंडमध्ये?"

"हॉस्पिटलात आहेत," मी म्हटलं.

संध्याकाळी घरी सांगितलं तेव्हा आई पोळ्या लाटत होती. "त्यांना नक्की काय सांगितलंस?" तिने विचारलं. सर्जन आहेत म्हणून, मी म्हटलं. "मग ते आहेतच." आणि हॉस्पिटलात आहेत म्हणून. आईचं लाटणं थांबलं नाही. "झालं तर," ती म्हणाली.

बाबांची तेव्हा दुपारची पाळी असायची, म्हणून ते सकाळी यायचे. पहिल्या दिवशी मिरजेहून आणलेला सूट घालून आले, टाय लावून. सेटवरचं ऑपरेशन थिएटर त्यांनी दारातून एकदा पाहिलं आणि थांबले. मी मागे होते. मला वाटलं परत फिरतात. मग ते आत गेले, हत्यारांच्या टेबलाशी उभे राहिले आणि इंग्रजीत विचारलं, "हे टेबल कुणी लावलंय?" असा आवाज मी घरी कधी ऐकला नव्हता. सामान बघणाऱ्या माणसाने शाळेत करतात तसा हात वर केला. बाबांनी सगळं टेबल मोडून पुन्हा लावलं, तो माणूस शेजारी उभा राहून वहीत चित्र काढत राहिला. हिरोला ते म्हणाले, "हा चाकू नाही. पेनासारखा धरा. आणि घाई करू नका. घाई पेशंटला असते, आपल्याला नाही." हिरो म्हणाला, "डॉक, मला कधी काही झालं तर तुमच्याकडेच येणार." "या की, मिरजेला या," बाबा म्हणाले. मिरज कुठे आहे हे तिथे कुणाला ठाऊक नव्हतं, तरी सगळे हसले. दुपारपर्यंत लाइटमनपासून चहावाल्या बाईपर्यंत सगळे त्यांना डॉक म्हणत होते. तीन वर्षांत गणपती-दिवाळीचा हॉल सोडला तर त्यांना घराबाहेर कुणी डॉक्टर म्हटलं नव्हतं, आणि तिथे म्हणणाऱ्यांना पुढचं माहीत नव्हतं. दुपारी ते बाथरूममध्ये जाऊन सूट पिशवीत घालायचे, ऑर्डर्लीचा शर्ट चढवायचे आणि मागच्या दाराने बस पकडायचे. रेवाला वाटायचं डॉक राऊंडला निघाले.

असे दोन आठवडे गेले. एक दिवस डगने बाबांना टाके घालताना पाहिलं. रबरी कातडीवर ते हिरोला गाठ दाखवत होते. डग बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला, पडद्यावर हेच हात दिसले पाहिजेत. कॅमेरामन म्हणाला, हात गोरे नाहीत. "ग्लोव्हज आहेत की," डग म्हणाला. म्हणजे चेहरा हिरोचा, हात बाबांचे. त्या सीनची स्ट्रिप मी लिहिली. ऑपरेशन, फक्त हात. नटाच्या रकान्यात काय लिहायचं ते रेवाला विचारलं, ती म्हणाली, डॉक्टर लिही. हा सीन कधीही घेता येण्यासारखा होता, म्हणून तो पावसासाठी राखला. मी ती स्ट्रिप उजव्या टोकाला लावली.

घरी दोरे बंद झाले. आईला आता कुठलाही ड्रॉवर उघडता यायचा. बाबा जेवताना बोलायला लागले. हिरो काय म्हणाला, लाइटमनच्या आईचा गुडघा, खोटं रक्त साखरेच्या पाकाचं करतात आणि त्याला माश्या येतात. परीक्षेचं पुस्तक फ्रिजवर होतं. आई रोज ते खाली टेबलावर ठेवायची, कुणीतरी पुन्हा वर ठेवायचं. "अहो, गुरुवार आला," ती म्हणायची. "येऊ दे," बाबा म्हणायचे.

बाबांनी बुधवार-गुरुवारची रजा घेतली होती. बुधवारी संध्याकाळी सातची बस, रात्रभराचा प्रवास, पहाटे वेलिंग्टन. आईने दशम्या केल्या, शेंगदाण्याची चटणी बांधली. बुधवारी सकाळी सहाला फोन वाजला. "किया ओरा, केट," रेवा म्हणाली, "बाहेर बघ जरा." पाऊस धो धो पडत होता. "आज हात घेतोय. डॉकला घेऊन ये. चारला सोडते, प्रॉमिस." मी फोनवर हात ठेवून बाबांना सांगितलं. "चारला सोडतील तर बस सातची आहे," ते म्हणाले. "हरकत काय?" आईने दशम्या बॅगेत घातल्या, परीक्षेचं पुस्तक वरच्या कप्प्यात ठेवलं आणि बॅग माझ्या हातात दिली. ती मी ऑफिसात माझ्या टेबलाखाली ठेवली.

टेबलावर गुलाबी रबराची छाती होती. आतून एक पंप साखरेचं रक्त सोडायचा. बाबा हिरव्या गाऊनमध्ये, टोपी, मास्क, ग्लोव्हज. पहिला शॉट एका दमात झाला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग पंप अडकला. मग भिंग बदललं. डगला आणखी जवळून हवं होतं, आणि मग वरून. दोन वाजले, चार वाजले. बाबा मधल्या वेळात खाली बसत नव्हते, ग्लोव्हज घातलेले हात छातीशी जुळवून उभे राहत होते, कशाला शिवू नये म्हणून. तिथे मुळात निर्जंतुक काहीच नव्हतं. रेवा येऊन म्हणाली, "केट, अजून एक तास. स्वीट ॲज?" म्हणजे चालेल ना? मी म्हटलं, "स्वीट ॲज." साडेपाच वाजले. एक शॉट राहिला होता, पण तो लावायलाच तास-दीड तास जाणार होता. रेवा म्हणाली, उद्या सकाळी घेऊ. डगने नुसती नकाराची मान हलवली. तो बाबांकडे गेला नाही, माझ्याकडे आला.

"केट," तो म्हणाला, "उद्या तुझ्या वडिलांची ऑपरेशनं आहेत का? असतील तर मी त्यांना आत्ता सोडतो."

सगळे ऐकत होते. बाबाही. त्यांचे फक्त डोळे दिसत होते, आणि दिव्यांच्या उजेडात ते माझ्याकडे बघत होते की माझ्या मागच्या घड्याळाकडे हे मला कळलं नाही, आजही कळलेलं नाही. मी हो म्हणाले असते तर ते खोटं झालं असतं, आणि बाबा सुटले असते. ऑपरेशनं नाहीत, परीक्षा आहे, म्हणाले असते तर ते खरं झालं असतं, आणि त्या पन्नास माणसांना कळलं असतं की डॉक इथे डॉक्टर नाहीत. मी हिशेब केला असं म्हणणार नाही. आत काहीच हललं नाही. विचारलं तेवढंच सांगायची सवय होती, ते मी सांगितलं.

"नाही," मी म्हटलं. "उद्या ऑपरेशनं नाहीत."

बाबा टेबलाकडे वळले.

घरी पोचायला साडेआठ झाले. आई दारातच उभी होती. तिने बॅगेकडे पाहिलं. बसचं विचारलंही नाही. फोनशी गेली, कुणाकुणाशी बोलली, आणि परत येऊन म्हणाली, "सकाळी साडेसहाचं विमान आहे. एक जागा आहे, मी धरून ठेवायला सांगितलीय. दहाला आरामात पोचाल."

बाबा सिंकपाशी हात धूत होते. ग्लोव्हजमधली पावडर बोटांच्या बेचक्यांत राहते. ते कोपरापर्यंत धूत होते, जुन्या पद्धतीने.

"नको," ते म्हणाले.

"का नको?"

"केतकीने सांगितलंय त्यांना, उद्या मला काही नाही म्हणून."

"बाबा, मी ऑपरेशनांबद्दल..."

"बरोबरच सांगितलंस," ते म्हणाले. टोमणा नव्हता तो. मला टोमणा चालला असता. "नाहीच आहेत."

"अहो, हे काय बोलणं झालं?" आईचा आवाज चढला. "शेवटची खेप आहे. दशम्या काय मी हौसेने केल्या? पोरीने काय सांगितलं अन् काय नाही... उद्या जायचंय तुम्हाला."

बाबांनी नळ बंद केला. "सुमन, आज नऊ तास त्या टेबलाशी उभा होतो. कुणी मला एक प्रश्न विचारला नाही. आता तिथे जाऊन पुन्हा त्या माणसाला विचारू, पोट दुखतंय का? त्याचं दुखत नाही गं. मला माहितीय, त्याला माहितीय." मग टॉवेलला हात पुसून म्हणाले, "वाढ."

आईने पिठलं वाढलं. बाबा व्यवस्थित जेवले, दशमीही मागून घेतली. मीही जेवले. पिठल्यात मीठ कमी होतं, ते कुणी बोललं नाही.

त्या टेलिफिल्मनंतर डगने मला दुसऱ्या कामावर घेतलं, मग तिसऱ्या, आणि शेवटी लॉस एंजेलिसला बोलावलं. सुरुवातीला मी त्याचा फोन घ्यायची, मग त्याचं वेळापत्रक, मग त्याची भांडणं. पुढे माझं स्वतःचं ऑफिस झालं. आता भिंतीवर पोस्टर आहेत, त्यांतल्या काही सिनेमांची नावं तुम्हाला माहीत असतील, त्यांच्या खाली बारीक अक्षरात माझं नाव आहे. मुलाखतीत विचारतात, निर्माता नक्की काय करतो? मी काहीतरी सांगते. डग फार म्हातारा झाल्यावर मी त्याला भेटायला जायची. तो खिडकीशी बसलेला असे. तेव्हा कुठे तो बसायला लागला होता. एकदा त्याने आपण होऊन विषय काढला. "तुझ्या टेबलाखाली बॅग होती," तो म्हणाला. "फोन करायला मी तिथे वाकलो. वरच्या कप्प्यातून ते पुस्तक डोकावत होतं. परीक्षेचं पत्रही होतं त्यात, तारीख होती." मी विचारलं, मग? "मग मी ऑपरेशनांचं विचारलं," तो म्हणाला. "तुला विचारलं. ते कदाचित खरं सांगून बसले असते." त्याला वाईट वाटत होतं का, सांगता येत नाही. मला राग यायला हवा होता. मी त्याची उशी नीट केली. घरी येताना गाडीत माझ्या लक्षात आलं की त्याच आठवड्यात मी एका बाईला तसंच विचारलं होतं. तिचा मुलगा आजारी होता आणि मला तिचे आणखी दोन दिवस हवे होते. मी मुलाचं सोडून दुसरं काहीतरी विचारलं, आणि तिने विचारलं तेवढंच सांगितलं. निर्माता काय करतो, तर हे करतो. निदान मी करते.

गुरुवारी सकाळी आकाश स्वच्छ होतं. आईने पाचलाच विमानवाल्यांना फोन करून जागा सोडली. मग नऊची वाट न बघता वेलिंग्टनचा नंबर फिरवला, तिथल्या मशीनवर बाबांचं नाव सांगितलं, आणि म्हणाली की त्यांची प्रकृती बरी नाही. आईला मी खोटं बोलताना तेव्हाच पाहिलं. फोन ठेवून ती केस विंचरायला गेली. बाबांनी हॉस्पिटलात कळवून रजा रद्द केली होती, त्यांना सकाळची पाळी मिळाली. ते ऑर्डर्लीचा शर्ट घालून, डबा घेऊन तयार होते. घरातून तो शर्ट घालून ते पहिल्यांदाच निघाले. आजवर पिशवीतून न्यायचे.

"आज काय घेताहेत?" त्यांनी चपला घालता घालता मला विचारलं.

"बाहेरचं. पुलावरचं."

"हां. ऊन आहे."

आम्ही दोघं एकाच स्टॉपवर उभे राहिलो. तिथे एक म्हातारा गोरा माणूस होता, जॅन्डल्स म्हणजे रबरी चपला घातलेला, बोलायला कुणीतरी हवं असलेला. सुंदर दिवस आहे, म्हणाला. बाबा हो म्हणाले. मग त्याने बाबांच्या शर्टाच्या खिशावरचं हॉस्पिटलचं नाव वाचलं.

"हॉस्पिटलात असता?"

"हो," बाबा म्हणाले.

"डॉक्टर?"

मी रस्त्याकडे बघत होते.

"नाही," बाबा म्हणाले. "ऑर्डर्ली. ट्रॉल्या नेतो." किती वाजले विचारल्यावर वेळ सांगावी, तसं सांगितलं. मग माझ्याकडे हात करून म्हणाले, "ही माझी मुलगी. सिनेमात आहे."

"हो का!" म्हातारा म्हणाला, आणि माझ्याकडे वळून विचारायला लागला, कुठला सिनेमा, कोण आहे त्यात. मी सांगत होते. बाबांची बस आधी आली. मी वळून पाहिलं तेव्हा ते आत जाऊन पलीकडच्या खिडकीशी बसले होते.